२१२ रुपये कमी पडले आणि १,७७० गेले: बँकेचे चार्जेस आणि थकलेले हप्ते, या चुका टाळा

शेजारचा मुलगा एमआयडीसीत कामाला आहे. एका संध्याकाळी मोबाइल पुढे करत म्हणाला, "काकू, हे ५९० दोनदा का गेले?" मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. त्यामुळे सोसायटीत कुणाच्या खात्यातून काही कापलं गेलं की ते स्टेटमेंट माझ्याकडे येतं.

गाडीचा हप्ता ४,३५०, तारीख ५. खात्यात होते ४,१३८. पाच तारीख रविवारी आली होती. बँक बंद, सोमवारी मित्राकडून दोन-तीनशे घेऊन टाकू, असा त्याचा हिशेब. फायनान्स कंपनीने हप्ता रविवारीच लावला आणि पैसे अपुरे म्हणून तो परत गेला. बँकेने रिटर्न चार्जेस लावले ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. शिल्लक ३,५४८. आता तूट २१२ राहिली नव्हती, ८०२ झाली होती. याने सोमवारी काही भरलं नाही, म्हणाला आता पगार झाल्यावरच बघू. पगार सात तारखेचा, त्या महिन्यात दहाला झाला. मधे आठ तारखेला फायनान्स कंपनीने हप्ता पुन्हा लावला, तोही परत. आणखी ५९०. शिवाय कंपनीचे स्वतःचे बाउन्स चार्जेस ५९०, ते पुढच्या हप्त्यासोबत.

यात पैसे नव्हते असं नाही. पाच दिवसांनी पगार होणारच होता. मला वर्षानुवर्षं दिसलेले बहुतेक दंड असेच आहेत, पैशांपेक्षा तारखेपायी बसलेले. म्हणून स्टेटमेंट हातात आलं की मी आकडे नंतर बघते, आधी तारखा.

सुट्टीच्या दिवशी हप्ता जात नाही, हा समज

पूर्वी तो खरा होता. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच (NACH), म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करणारी, ज्याला आपण अजून ईसीएस म्हणतो ती व्यवस्था, रविवारी आणि बँक हॉलिडेलाही चालते. गणपतीत चालते, दिवाळीत चालते. बरेचदा सकाळी डोळे उघडायच्या आत रक्कम वळती झालेली असते. म्हणून पाच तारखेचा हप्ता असेल तर चारच्या रात्री पैसे खात्यात हवेत, आणि नेमके ४,३५० नकोत. मधेच एसएमएसचे किंवा एटीएम कार्डाचे वार्षिक चार्जेस जातात आणि नेमकी ठेवलेली रक्कम अठरा रुपयांनी कमी पडते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

हप्ता परत गेलाच, तर त्याच दिवशी कंपनीच्या अॅपवरून किंवा लिंकवरून थेट भरा आणि कस्टमर केअरला कळवून तक्रार क्रमांक घ्या की हप्ता भरलाय, पुन्हा लावू नका. दुसरा ५९० इथे वाचतो. पोरगा हेच चुकला.

आणि मूळ दुखणं तारखेचं असेल तर तारीख बदलून मागा. पगार सातला आणि हप्ता पाचला हे गणित कर्ज घेताना शोरूममधल्या एक्झिक्युटिव्हने ठरवलेलं असतं, आपण नुसती सही केलेली असते. बऱ्याच कंपन्या अर्ज केल्यावर तारीख पुढे सरकवून देतात. थोडं जादा व्याज लागतं, नवीन मॅन्डेट (हप्ता कापायचं संमतीपत्र) भरून द्यावं लागतं. दर महिन्याच्या धाकधुकीपेक्षा ते परवडतं.

मिनिमम बॅलन्स

महिनाअखेरीला पाच हजार दाखवले की झालं, असं लोकांना वाटतं. बँक सरासरी बघते: रोज रात्रीच्या शिल्लकीची बेरीज, भागिले दिवस. दहा हजारांची सरासरी हवी असेल तर तीस दिवसांची बेरीज तीन लाख व्हायला हवी. मग रोज दहा हजार ठेवा नाहीतर दोन दिवस दीड लाख ठेवा, हिशेब तोच.

मुळात असलं खातं हवंय कशाला, हा प्रश्न आधी विचारा. स्टेट बँकेने ही अट मार्च २०२० मध्ये काढली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही. जनधन किंवा मूळ बचत खात्याला ती नाहीच. जुन्या नोकरीचं सॅलरी खातं मात्र पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी गुपचूप साधं बचत खातं होतं, आणि अट मागच्या दाराने आत येते. कंपनी सोडल्यावर ते खातं रीतसर बंद करा, नाहीतर बदलून घ्या.

दोन गोष्टी इथे हक्काच्या आहेत. किमान शिल्लक नाही एवढ्याच कारणाने बँकेला बचत खातं उणे करता येत नाही. दंड लावायच्या आधी कळवून शिल्लक भरायला महिनाभराची मुदतही द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०१५ पासून आहे. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्याला तर हा दंड लावताच येत नाही. स्टेटमेंटवर यापेक्षा वेगळं दिसलं तर बोला.

ओडीची लिमिट म्हणजे शिल्लक नव्हे

ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, खात्यात पैसे नसले तरी ठरलेल्या लिमिटपर्यंत बँकेकडून उचलायची सोय. अॅपवर 'उपलब्ध रक्कम ८०,०००' दिसते. त्यातले आपले किती? कधीकधी शून्य. सगळी लिमिटच. एफडीवरची ओडी ही तशी स्वस्त सोय आहे. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, तेही जेवढे वापरले तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांपुरतं. पंधरा दिवसांच्या अडचणीसाठी एफडी मोडण्यापेक्षा ही बरी. घोटाळा होतो तो त्या पंधरा दिवसांचे पंधरा महिने झाल्यावर.

दुकानदारांचं वेगळं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या भाऊंची पाच लाखांची सीसी, म्हणजे धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट, कायम काठोकाठ वापरलेली. महिनाअखेरीला व्याज पडतं, साडेदहा टक्क्यांनी ४,३७५ च्या आसपास, आणि खातं लिमिटच्या वर जातं. भाऊ म्हणतात, चार हजारांनी काय होतंय! होतं ते असं, की खातं सलग ९० दिवस लिमिटच्या वर राहिलं, किंवा त्या काळात जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, तर बँकेच्या लेखी ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. रक्कम चार हजार असो की चार लाख. म्हणून व्याज पडलं की दोन दिवसांत निदान व्याजापुरता भरणा करा. गल्ल्यातली रोकड घरी ठेवून सीसीवर व्याज भरणारे महाभाग मी पाहिलेत. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे दुकानातल्या मालाचा हिशेब, बँकेला वेळेत द्या आणि लिमिटचं वर्षाचं रिन्यूअल चुकवू नका. माल दुकानात असूनही नुसता कागद गेला नाही म्हणून दंड बसतो.

कर्जावरच्या दंडाबाबत एप्रिल २०२४ पासून नियम बदललाय. पूर्वी 'दोन टक्के जादा दंडव्याज' चढायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. आता दंड वेगळा दाखवावा लागतो, त्यावर व्याज लावता येत नाही. क्रेडिट कार्ड यात येत नाही.

याची टोपी त्याला

हप्ता चुकू नये म्हणून क्रेडिट कार्डावरून रोख काढायची, कार्डाचं बिल भरायला अॅपवरून कर्ज, अॅपचं भागवायला पतसंस्था, पतसंस्थेचा जामीनदार ओरडायला लागला की बायकोच्या बांगड्या. प्रत्येक वेळी एक हप्ता वेळेवर जातो म्हणून बरं वाटतं.

कार्डावरून काढलेल्या रोखीला व्याजमुक्त दिवस नसतात, काढल्या दिवसापासून मीटर चालू. आणि 'मिनिमम ड्यू' भरला की भागलं असं वाटतं, पण उरलेल्या रकमेवर महिना तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चालूच राहतं. एक साधी खूण सांगते: जुना हप्ता भरायला नवं कर्ज घ्यायची वेळ ज्या महिन्यात पहिल्यांदा आली, तो महिना बँकेत जाऊन बोलायचा.

त्याआधी एका कागदावर सगळं लिहा. कुणाचे किती, व्याज काय, तारीख कोणती, तारण काय, जामीनदार कोण. भिशी आणि हातउसनेसुद्धा. कागद बायकोपासून किंवा नवऱ्यापासून लपवू नका. काउंटरवर मी जे रडणं पाहिलं, त्यातलं बरंचसं कर्जाचं नव्हतं, घरच्यांना दुसऱ्याकडून कळल्याचं होतं.

बँकेत तोंड दाखवायचं टाळणं

लोक सिम बदलतात, मॅन्डेट बंद करतात, फोन उचलत नाहीत. पण चेकसारखाच नाचचा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला तरी फौजदारी तक्रार होऊ शकते, याची बहुतेकांना कल्पनाच नसते. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५, चेकच्या कलम १३८ चं भावंड. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम भरली तर ती तक्रार टळते. म्हणून पोस्टमन सही घेऊन द्यायचं पाकीट घेऊन आला की दार लावून घेऊ नका, नोटीस घ्या आणि त्यावर मिळाल्याची तारीख लिहा.

हप्ता थकल्यावर पहिले ९० दिवस महत्त्वाचे. तोवर खातं एनपीए झालेलं नसतं, शाखेच्या हातात थोडंफार असतं. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, तारीख बदलणं, चार्जेस सोडणं हे तेव्हाच मागायचं. नव्वद दिवसांनंतर फाइल वसुली विभागाकडे सरकते आणि ओळखीचे साहेबही हात वर करतात.

तोंडी मागू नका. पोराकडून मी लिहून घेतलं ते इतकंच:

"प्रति शाखाधिकारी. माझ्या खात्यातून दि. ५ व दि. ८ रोजी एकाच हप्त्यासाठी प्रत्येकी ५९० रुपये रिटर्न चार्जेस वसूल झाले आहेत. माझा पगार त्या महिन्यात १० तारखेला जमा झाला. गेल्या दोन वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. तरी एक आकारणी जीएसटीसह परत मिळावी, ही विनंती."

दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच देत नसतील तर तोच मजकूर शाखेच्या ईमेलवर. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच चालत नाही.

चुकीचं दार

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी फोन १४४४८. मात्र आधी बँकेकडे न जाता थेट तिथे गेलात तर तक्रार परत येते. लोकपाल चुकीची आकारणी बघतो. 'माझं कर्ज माफ करा' हे त्याचं काम नाही.

पतसंस्थेची तक्रार तिथे चालतच नाही. ती सहकार खात्याकडे, तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक. पतसंस्थेचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि तो जामीनदारावरही चालतो. त्यामुळे सही करून दिलेल्या मेव्हण्याला आधी सांगून ठेवा. कोरे चेक आणि स्टॅम्प पेपर घेऊन पैसे देणारा खासगी सावकार असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का, हेही उपनिबंधकांकडेच कळतं. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी गुन्हा आहे.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही. शिवीगाळ केली, नातेवाइकांना फोन लावले, तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा. अॅपवाल्याने फोटो बदलून पाठवायची धमकी दिली तर तो सायबर गुन्हा, फोन १९३०.

'तुमचं कर्ज निम्म्यात सेटल करून देतो, फक्त हप्ते भरणं थांबवा आणि आमची फी द्या' असं सांगणाऱ्या कंपन्यांचा हल्ली सुळसुळाट आहे. फी त्यांना मिळते, नोटीस तुम्हाला येते. सेटलमेंट करायचीच तर बँकेशी थेट करा, लेखी पत्र आल्याशिवाय एक पैसा भरू नका, एजंटच्या हातात रोख तर नाहीच. आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शेरा समोर येतो.

लोकअदालतीची नोटीस आली की लोक घाबरतात आणि तिथे जायचं टाळतात. जा. गेलात म्हणजे मान्य केलं असं होत नाही. तिथे बँकेचे अधिकारी तडजोडीच्या तयारीनेच आलेले असतात आणि शाखेत न सुटलेलं व्याज टेबलावर सुटतं. फक्त सही करण्याआधी हप्ते झेपतील का याचा नीट विचार करा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. आणि रात्री झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

पोराला बँकेने एक ५९० परत दिले, अकरा दिवसांनी. हप्त्याची तारीख आता बारा आहे. कंपनीने स्वतःचे ५९० काही सोडले नाहीत. त्यासाठी दुसरा अर्ज काल लिहिला, पोच यायचीय.