स्पीकर वायरच्या शेवटच्या बोटभर टोकात होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या गणपतीत आमचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आवाज जरा वाढवला की टक्क करून बंद व्हायचा, प्रोटेक्शनचा दिवा लागायचा, परत चालू केला की दहा मिनिटं बरा. तो जड डबा स्कूटरवर पायाशी ठेवून मी सांगलीच्या विश्रामबागेतून दोनदा रिपेअरवाल्या काकांकडं नेला आणि दोन्ही वेळा तिथं तो दिवसभर गात बसला. शेवटी काका म्हणाले, "दादा, आता अ‍ॅम्प नका आणू, वायरी आणा." नेल्या तर काळ्या पिनच्या मागनं तांब्याचा एकच केस (बारीक तार) बाहेर आलेला, तो शेजारच्या लाल पिनला टेकत होता, एवढंच! आणि पिन लावली होती मीच.

तर पहिली चूक सोलण्याची. दातानं नाहीतर ब्लेडनं सोललं की निम्मे केस तुटतात, उरलेले पसरतात. वायर पिनच्या भोकाशी धरून माप घ्या, साधारण सेंटिमीटरभर पुरतं, केसांना घट्ट पीळ द्या आणि एकही बाहेर राहिला नाही ना ते उजेडात बघा. शंका असेल तर अ‍ॅम्प बंद करून वायर त्याच्याकडनं काढा आणि दोन टोकांवर मल्टिमीटर लावा, 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 च्या आसपास दाखवतो, शून्याजवळ दाखवलं तर कुठंतरी शॉर्ट आहे.

बरेच जण पीळ दिला की वर सोल्डरचा थर देतात, मीही द्यायचो, दिसायला झकास दिसतं. पण स्क्रूखाली दाबलेलं सोल्डर मऊ असल्यानं हळूहळू दबतं, स्क्रू ढिला पडतो आणि मग खरखर सुरू. स्क्रूच्या पिनला नुसतं तांबंच द्या, सोल्डर फक्त सोल्डरच्याच पिनला.

पिन घ्यायच्या आधी अ‍ॅम्पची पाठ बघा राव. बनाना पिन (वायरीच्या टोकाला लावायची गोल पिन) 4 मिमीची असते, ती गोल फिरवायच्या नॉबच्या पोस्टमध्ये बसते, दाबायच्या क्लिपवाल्या सेटमध्ये शक्यतो नाही, तिथं नुसती सोललेली वायर चालते. नॉब असूनही पिन जात नसेल तर भोकात प्लॅस्टिकचं बूच असतं, अ‍ॅम्पचा प्लग भिंतीतनं काढून ते उचकटा, पिन बदलायला दुकानात पळू नका.

ते बूच उगाच नसतं बरं का. दोन पिना जोडून येणाऱ्या बनाना प्लगमधलं अंतर 19 मिमी, आणि आपल्या घरातल्या पाच अँपियरच्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांतलंही तेवढंच, म्हणजे तो तिकडं घुसू शकतो! लहान पोरं असतील तर एका बाजूनं सुटलेली वायर लोंबकळत ठेवूच नका.

उलटी जोडणी ही सगळ्यात फसवी चूक, कारण काहीच बंद पडत नाही. एका स्पीकरला प्लस-मायनस उलटं झालं की बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. मी मिरजेच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बघतो, तंबोरा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसल्यासारखा वाटला पाहिजे. पक्कं करायचं तर वायर अ‍ॅम्पकडनं सोडवा आणि त्या टोकाला क्षणभर पेन्सिल सेल लावा, सेलचा प्लस लाल वायरला लागला की स्पीकरचा मोठा कोन (समोरचा पडदा) बाहेर आला पाहिजे, आत गेला तर कुठंतरी उलटं झालंय. (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, म्हणजे ट्विटरवर, हे दिसत नाही, मोठ्या कोनकडंच बघा.)

वायरीचं थोडक्यात सांगतो. दुकानात चौदा-छत्तीस (36 गेजचे चौदा केस) मिळते ती लांबच्या स्पीकरला बारीक पडते, चाळीस-छत्तीस नाहीतर दीड एमएम (म्हणजे दीड चौरस मिमी) घ्या. केस ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, ते दोन-तीनदा वाकवलं की स्क्रूपाशी तुटतं.

2019 च्या पुरात गावभागातल्या मित्रानं स्पीकर माळ्यावर टाकून वाचवले पण भिंतीच्या कडेनं गेलेली वायर तशीच पाण्यात राहिली. नंतर नव्या पिना लावल्या तरी आवाज येई-जाई. आम्ही वायर कापत गेलो, वीतभर कापली तरी आत काळंच, पाणी केसांमधनं वर चढलेलं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायचं, नाहीतर अख्खी वायर बदलायची, काळ्या तांब्यावर कितीही भारी पिन लावून फरक पडत नाही.

आणि पिन काढताना पिनला धरायचं, वायरला ओढायचं नाही. हे घरात सांगून झालंय, तरी दिवाळीची झाडलोट झाली की दुसऱ्या दिवशी मी बॅटरी घेऊन टीव्हीच्या कपाटामागं घुसतोच.