ॲस्पर्जर असताना कडू शेऱ्यातून कामाचं कसं शोधावं

टीका ऐकताना मन खुलं ठेवायचं म्हणजे समोरचा बोलेल ते सगळं मान्य करायचं असं नाही. त्यात आपल्या उपयोगाचं काही आहे का, हे बघेपर्यंत निकाल द्यायचा नाही, एवढंच. ॲस्पर्जर (ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, एक प्रकार) असलेल्या अनेकांना हे जड जातं. शब्द, चढलेला आवाज, भोवतालचा गोंगाट सगळं एकदम अंगावर येतं आणि अर्थ मागाहून लागतो. म्हणून तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. "ऐकलं. विचार करून उद्या सांगतो," हे वाक्य पाठच करून ठेवा. संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये लोंबकळत व्हॉट्सॲपवर खुलासा तर मुळीच लिहू नका. त्या गर्दीत साधा शेराही हल्ल्यासारखा वाटतो.

घरी पोचून, खाऊन, शांत झाल्यावर वही घ्या. पानाचे तीन भाग करा: नेमके शब्द, त्यातली तपासता येणारी घटना, उरलेलं मत. समजा ऐरोलीच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "तू नेहमी सगळ्यांना मध्येच तोडतोस, शंभरदा सांगितलं!" आता "शंभरदा नाही, दोनदाच सांगितलंत" हे खरं असेलही, पण वाद आकड्यावर जातो आणि मुद्दा राहतो बाजूला. मराठीत रागावलेलं माणूस शंभरदा, नेहमी, कधीच नाही असंच बोलतं. हे शब्द खोडा. उरतं काय? मध्येच तोडणं. ते तपासता येतं, ते दुसऱ्या भागात जाईल.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारा, आणि त्याआधी हेतू सांगा: "वाद घालत नाही, समजून घ्यायचंय. कालच्या मीटिंगमध्ये मी नेमकं कुठे तोडलं?" हेतू न सांगता लागोपाठ पाच प्रश्न विचारले, तर लोकांना ती उलटतपासणी वाटते. उत्तर पटलं तर एकच बदल ठरवा: बोलण्याआधी मनात तीन आकडे मोजणं, बस्स. तोच शेरा एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघा-तिघांकडून आला, तर मात्र तो गंभीरपणे घ्याच.

रात्री तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं, तर पंधरा मिनिटांचा गजर लावून लिहा, मग वही बंद. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर समुपदेशक गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

"लग्न झालं की सुधारशील" असं कुणा आत्याने म्हटलं, तर त्यामागची तिची आपुलकी तेवढी घ्या, बाकी सोडा. ऑटिझम जन्मापासून असतो. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात ॲस्पर्जरही त्यातच धरतात, आणि भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आत्याला ऐकायचं असेल तर हे सांगा, नसेल तर चहा घ्या आणि विषय बदला.