इंग्लंडमधील कोरीव थडगी वाचण्याची पूर्वतयारी थाळनेरला

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाणाऱ्या धुळे-जळगावच्या मंडळींना कॉट्सवोल्ड भागातील एखादे जुने चर्च दाखवले जातेच; परंतु त्याच्या आवारातील कोरीव दगडी थडग्यांपुढे दोन छायाचित्रे काढून बहुतेक जण निघून जातात. ही थडगी वाचायला विद्वत्ता लागत नाही, उजेड कोणत्या बाजूने येतो हे ओळखावे लागते. आणि त्याचा सराव इथेच, शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या थाळनेरला करता येतो.

तिथे खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचे पंधराव्या शतकाच्या आसपासचे मकबरे आहेत. त्यांपैकी अष्टकोनी मकबऱ्याभोवती सकाळी आठला एक फेरी मारावी आणि साडेअकराच्या सुमारास दुसरी. ज्या भिंतीवर ऊन समोरून पडते तिथली नक्षी सपाट भासते. ज्या भिंतीला ऊन घासून जाते तिथे प्रत्येक खोबणीत सावली भरते आणि पुसट झालेली रेघही उठून दिसते. चैत्र-वैशाखात मात्र ही दुसरी फेरी टाळावी, खानदेशी ऊन अभ्यासाची हौस जिरवते.

आता इंग्लंडकडे वळू. ग्लॉस्टरशायरमधील पेन्सविक आणि ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्ड ही दोन आवारे निवडावीत. तिथले पेटीच्या आकाराचे थडगे आतून पोकळ असते, मृतदेह त्याखालच्या जमिनीत असतो. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे दफन पूर्व-पश्चिम होत असल्याने पेटीच्या लांब बाजू साधारणपणे उत्तरेला व दक्षिणेला येतात. दक्षिण बाजू उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊच्या पुढे, ऊन पूर्वेकडून तिला चाटून जात असताना पाहावी. उत्तर बाजूवर दिवसाचा बराच वेळ थेट ऊन येतच नाही. त्यासाठी वीतभर आरसा न्यावा, सोबत्याला उन्हात उभे करावे आणि उजेडाचा झोत कडेने तिरपा टाकायला सांगावे.

दगडाला हात लावण्याचा मोह आवरावा. आपला काळा पाषाण कठीण, तर कॉट्सवोल्डचा चुनखडीचा दगड मऊ. त्यावर व्हिनेगरसारखे आम्ल पडले तर कोरीवकाम झिजते. अक्षरांत खडू भरू नये, तारेचा ब्रश वापरू नये आणि दगडफूल खरवडू नये, कारण त्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. पेटीच्या फळ्या जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात व दगड फोडतात, म्हणून थडग्यावर टेकून छायाचित्र काढणे धोक्याचे आहे. कागदावर ठसा घ्यायचा असेल तर चर्चची परवानगी आधी घ्यावी.

बर्फर्डला काही थडग्यांच्या माथ्यावर खोबणींचे अर्धगोल लोड दिसतात. ते लोकरीचे गठ्ठे आहेत, असे तिथे सांगतात. या भागाची श्रीमंती लोकरीवर उभी होती, शिवाय 1660 च्या दशकापासून मृताला लोकरीच्याच कापडात पुरावे असा कायदा होता, त्यामुळे हे स्पष्टीकरण मोहक वाटते. दुसरे मत असे की ते दोरीने बांधलेले कफन असावे. मला दुसरे अधिक पटते, पण वाचकाने खोबण्या स्वतः पाहून ठरवावे. कवटी आणि वाळूचे घड्याळ मृत्यूची आठवण देतात, तर पंख असलेला बालचेहरा आत्म्याचे प्रतीक मानला जातो.

तारीख वाचताना घाई करू नये. इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, म्हणून फेब्रुवारीतील मृत्यूपुढे 1740/41 असे जोडवर्ष आढळते. ते जसेच्या तसे उतरवावे; मनाने एकच आकडा निवडल्यास पुढे चर्चच्या दफननोंदवहीशी मेळ बसत नाही. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे आणि थडग्याची बाजू, दिवस व वेळ लिहावी, म्हणजे त्या टिंबांसाठी दुसऱ्या दिवशी कोणत्या उन्हात परत यायचे ते वहीवरूनच कळते.