ऑपरेशननंतर बेशुद्ध पेशंटला टेबलवरून ट्रॉलीवर घेताना

पेशंटला हात लावायच्या आधी नळ्या बघा. त्याला भूल आहे, हात पिरगळला किंवा सलाईन ताणली गेली तरी तो ओरडणार नाहीये, त्यामुळे त्याच्या वाटचं बघायचं काम आपलंच. सलाईन, कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेन (आतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), मॉनिटरच्या वायरी, घशातली ट्यूब, एकेक हाताने चाचपून कुठून कुठे जातेय ते बघा आणि पेशंट जिकडे सरकणार तिकडे आधीच मोकळी करून ठेवा. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी करा, ती पोटावर ठेवून देतात काहीजण, प्लीज नका ठेवू, लघवी परत मूत्राशयात जाते आणि इन्फेक्शन होऊ शकतं. छातीत ड्रेन असेल तर बाटली छातीच्या खालीच, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या नळीला क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) नाही.

ट्रॉली टेबलाला चिकटवा, उंची सारखी करा, ब्रेक दोन्हीचे लावा. घाईत टेबलाचा ब्रेक बघायचा राहून जातो.

डोक्याशी भूलतज्ज्ञ, मान आणि ट्यूब त्यांच्या हातात, आणि ऑर्डर फक्त त्यांची, सर्जन कितीही सीनियर असो. दोन्ही बाजूंना आणि पायाशी माणसं हवीत, म्हणजे कमीत कमी चार जण, पेशंट वजनदार असेल तर अजून बोलवा, लाजू नका. "तीन म्हणतानाच" की "तीनच्या नंतर" हे आधीच ठरवा, नाहीतर अर्धे आधी ओढतात आणि मान मागे राहते. पेशंटचे हात छातीवर घ्या, पेशंटला उचलू नका, स्लाइड शीटवरून (सरकवायची गुळगुळीत चादर) सरकवा. काखेत हात घालून किंवा दंडाला धरून तर अजिबात ओढायचं नाही, भुलेत स्नायू सैल असतात आणि खांद्याच्या नसा ताणल्या जातात. सगळं सावकाश, कारण भुलेत शरीर बीपी सावरू शकत नाही, झटका दिला की बीपी पडतो. पाय वर बांधलेले असतील तर दोन्ही एकदम, हळूहळू खाली.

ट्रॉलीवर आल्या आल्या आधी श्वास. ट्यूब असेल तर ती जागेवर आहे का, छाती दोन्ही बाजूंनी हलतेय का, ऑक्सिजन जोडला का. ट्यूब काढलेली असेल आणि ऑपरेशनमुळे अडचण नसेल तर कुशीवर वळवा, उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जायचा धोका कमी होतो. मग रेलिंग वर, अंगावर ब्लँकेट.

निघायच्या आधी ऑक्सिजन सिलेंडरचा काटा बघा, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) सोबत घ्या. पाय पुढे, डोक्याशी भूलतज्ज्ञ, नजर चेहऱ्यावर आणि मॉनिटरवर. रिकव्हरी रूममध्ये (ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात ती खोली) सिस्टरला काय ऑपरेशन झालं, कुठली औषधं दिली, रक्त किती गेलं हे तोंडी सांगा, आणि तिथला मॉनिटर लागून रीडिंग दिसेपर्यंत डोक्याजवळून हलायचं नाही.