युद्धकाळातल्या जीपचे भाग ओळखायचे कसे

'दुसऱ्या महायुद्धातली मिलिटरी जीप' म्हणून आपल्याकडे विकायला येणारी गाडी बहुतेक वेळा दोन-तीन गाड्यांची मिळून झालेली असते. चासी १९४३ची, इंजिन महिंद्राच्या सीजे-३बीचं (सीजे म्हणजे युद्धानंतरची नागरी जीप), गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा. मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून विलीस जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यांचे भाग युद्धातल्या गाड्यांना सर्रास लागत गेले. ते बसतात, हीच खरी अडचण. बसला म्हणजे तोच असं नव्हे. म्हणून 'विलीस जीपचा ऑइल पंप पाठवा' अशी ऑर्डर कधीच देऊ नये. आधी चासी ठरवावी, मग एकेक भाग त्याच्या स्वतःच्या खुणेवरून ओळखावा, आणि त्यानंतरच पार्ट नंबर शोधावा.

चासीपासून सुरुवात. युद्धात एकाच आराखड्याची जीप विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवली. पुढची आडवी दांडी गोल पाइपची असेल तर युद्धकाळातली विलीस एमबी, उलट्या यू आकाराच्या पत्र्याची असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या रेलच्या (लांब उभ्या तुळईच्या) वरच्या पृष्ठभागावर, पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. विलीसचा नंबर डाव्या रेलच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. पट्टी गेली असेल तर निदान रिव्हेटची भोकं सापडतात. नंबरवर ग्राइंडर चालवू नका, ठोकलेले आकडे उथळ असतात. पेंट रिमूव्हर लावून पितळी ब्रशने चार-पाच थर काढा, बाजूने तिरका टॉर्च धरा, पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा. डोळ्याला न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. हा नंबर आरसी बुकाशी जुळतो का ते पैसे देण्याआधी पाहा. २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांपुढच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे.

डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्यांवर विसंबू नका. नव्या पाट्या हव्या त्या तारखेच्या बनवून मिळतात.

बॉडी पटकन कळते. युद्धातल्या गाडीच्या जाळीत नऊ फटी, नागरी सीजेला सात. अगदी सुरुवातीच्या एमबीची जाळी मात्र लोखंडी पट्ट्या जोडून केलेली. पेट्रोलचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली, मागे उघडणारं फळकं नाही. मागे फळकं असेल तर ती बॉडी युद्धानंतरची किंवा इथे ठोकून केलेली.

इंजिनात जास्त फसगत होते. मूळचं एल-१३४ हे १३४ घनइंचाचं, म्हणजे सुमारे २,२०० सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३ पूर्णांक १/८ इंच. त्याचं हेड सपाट, चारही प्लग वरून एका ओळीत. कार्ब्युरेटर हेडवर बसलेला आणि वर उंच कव्हर असेल तर ते सीजे-३बीचं एफ-१३४. एल-१३४ निघालं तरी काम संपलं नाही. युद्धातल्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) साखळीवर फिरतो, नंतरच्यात गिअरवर. गिअरवर फिरला की दिशा उलटते, म्हणून कॅमशाफ्ट आणि ऑइल पंप दोन्ही वेगळे. पंपाच्या गिअरचे दात उलट्या तिरकेपणाचे. टायमिंग कव्हर काढून साखळी की गिअर ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पंप घेऊ नका.

गिअरबॉक्स न उघडता ओळखता येतो. एमबीचा टी-८४, नंतरचा टी-९०. चारही प्लग काढा, मागची दोन्ही चाकं उचला, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, फोर-व्हील सोडवून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) हाय रेंजमध्ये आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) फ्लँजवर खडूची रेघ मारा आणि पुढून हँडलने इंजिन बरोबर आठ फेरे फिरवा. टी-८४च्या पहिल्या गिअरचं प्रमाण २.६६५ (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे इतके फेरे), म्हणून रेघ तीन फेरे पुरे करून जागेवर येते. टी-९०चं २.७९८, तिथे रेघ जवळपास ५० अंश मागे राहते.

एक्सल तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये आणा आणि मागचं एकच चाक उचला. हँडब्रेक मात्र सोडलेला हवा, कारण तो प्रॉपेलर शाफ्टवरच असतो. तेव्हा टेकलेल्या चाकांचे ठोकळे काढू नका. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रॉपेलर शाफ्ट ४.८८ फेरे फिरला तर युद्धातलं प्रमाण, ५.३८ फिरला तर नंतरचं. पुढच्या एक्सललाही हीच परीक्षा. एक असं आणि एक तसं निघालं तर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. डांबरी रस्त्यावर लिव्हर अडकतो आणि शेवटी गिअर किंवा जॉइंट तुटतो.

ट्रान्सफर केसचं बेअरिंग किट मागवण्याआधी मधल्या शाफ्टचं मागून दिसणारं टोक व्हर्नियरने मोजा. एमबीचा ३/४ इंच, म्हणजे १९.०५ मिमी. नंतर तो १ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे २८.५८ मिमी झाला. एकाचं किट दुसऱ्याला लागत नाही.

कार्ब्युरेटर कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ, एमबीसाठी ५३९एस, युद्धानंतरच्या सीजे-२एसाठी ५९६एस. हा आकडा झाकणाच्या स्क्रूखालच्या लहान पितळी बिल्ल्यावर असतो, आणि बिल्ला पहिल्याच सर्व्हिसिंगमध्ये हरवलेला असतो. विजेचं म्हणाल तर गाडी मूळची ६ व्होल्टची, बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं.

आता पार्ट नंबर. अमेरिकन सैन्याच्या 'जी-५०३' यादीत विलीस आणि फोर्डचे नंबर एकत्र मिळतात. विलीसच्या नंबराआधी 'डब्ल्यूओ-', फोर्डच्या आधी 'एफएम-' लावलेलं असतं. विक्रेत्याकडे शोधताना हे काढून टाका, नाहीतर 'उपलब्ध नाही' एवढंच कळतं. फोर्डच्या नंबरातला मधला आकडा भागाची जात सांगतो: ८००५ रेडिएटर, ९५१० कार्ब्युरेटर, ११ हजारांत स्टार्टर, १२ हजारांत इग्निशन. दोन गोष्टी मात्र विसरू नका. सैन्याची यादी बदलीच्या भागाची आहे. कारखान्यातून १९४२मध्ये काय लागून आलं ते ती दरवेळी सांगत नाही. आणि ओतकामावर उठलेला आकडा हा कास्टिंग नंबर असतो, पार्ट नंबर नव्हे. एकाच कास्टिंगमधून वेगवेगळे भाग घडवले जातात.

बोल्टांकडे सगळेच दुर्लक्ष करतात. मूळ आटे इंची. ५/१६ इंच, २४ आट्यांच्या भोकात ८ मिमीचा बारीक आट्यांचा बोल्ट दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग जड होतो, आणि पान्हा लावून ओढला की ब्लॉकचे आटे घेऊनच बाहेर येतो. थ्रेड गेज लावा, अंदाज नको. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. दोन तुकड्यांची कॉम्बॅट रिम असेल तर व्हॉल्वचा गाभा काढून सगळी हवा सोडल्याशिवाय रिमच्या नटांना हात लावू नका, माणूस दगावतो.

फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, वळणदार 'एफ' ठोकला. भंगारातून आणलेला ढीग निवडताना हीच खूण शोधायची. असे बोल्ट सँडब्लास्टिंगला देऊ नयेत, 'एफ'च्या कडा झिजतात. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून पितळी ब्रशने साफ करावेत.