एच-इंडेक्स कसा काढावा आणि वेगवेगळ्या विषयांतल्या संशोधकांची तुलना कशी करावी

जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली एच-इंडेक्स मांडला (ज्या मोठ्यात मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन, म्हणजे इतर निबंधांतले उल्लेख, मिळाली आहेत ती संख्या), तेव्हा त्याच लेखात काही नामवंतांचे आकडेही दिले होते. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले एडवर्ड विटन ११०, तर मेंदूविज्ञानातले सॉलोमन स्नायडर १९१. यावरून स्नायडर मोठे आणि विटन लहान ठरत नाहीत. जीवविज्ञानात हे आकडे मुळातच मोठे असतात, हे खुद्द हिर्श यांनी तिथेच नोंदवलं होतं. तरीही नेमणुकीच्या वेळी गणिताचा आणि औषधनिर्माणशास्त्राचा उमेदवार एकाच तक्त्यात बसवून मोठ्या आकड्यावर खूण केली जाते. हा अन्याय टाळता येतो. त्यासाठी थोडी मेहनत लागते, एवढंच.

आधी माणूस नक्की करा. पाटील, जोशी, कुलकर्णी या आडनावांचे शेकडो संशोधक आहेत. एकाच व्यक्तीचं नाव कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण, तर कुठे लग्नानंतरच्या आडनावानं छापलेलं असतं. संशोधकाचा १६ अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र मिळणारा ओळख-क्रमांक) असेल तर तो घ्या, नाहीतर त्याच्या बायोडेटातली यादी समोर ठेवून प्रत्येक शोधनिबंध जुळवून पाहा.

आकडे एकाच ठिकाणाहून घ्या. गूगल स्कॉलर ही शोधनिबंध शोधायची सेवा फुकट आहे आणि पुस्तकं, प्रबंध, परिषदांमधले निबंध असं बरंच काही मोजते. त्यामुळे तिथला आकडा साधारणपणे मोठा दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे शोधनिबंधांचे डेटाबेस निवडक नियतकालिकांवर भर देतात. एका उमेदवाराचा आकडा गूगलचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा घेतलात, तर पुढचं सगळं गणित वाया गेलं.

आता एच-इंडेक्स काढा. शोधनिबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे असे आहेत: ४८, १९, ११, ६, ५, ३, ०. पाचव्या निबंधाला ५ सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र ३च. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाची सायटेशन ४८ ऐवजी ४,८०० असती, तरी उत्तर ५च आलं असतं. म्हणून एकूण सायटेशन आणि सर्वाधिक गाजलेला निबंध यांचीही शेजारी नोंद करा. शिवाय एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. पहिल्या निबंधापासून किती वर्षं झाली त्याने भागलं, की तरुण संशोधकाची बाजू थोडी तरी समोर येते. हा भागाकारही हिर्श यांनीच सुचवला होता.

विषयाचा फरक काढून टाका. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच वगळली जाते. प्रत्येक निबंधाची सायटेशन घ्या आणि त्याच विषयातल्या, त्याच वर्षी आलेल्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने भागा. 'त्याच प्रकारच्या' हे शब्द विसरू नका, कारण आढावा-लेखांना मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गणितातल्या निबंधाला २० सायटेशन आहेत आणि त्या विषयाची त्या वर्षाची सरासरी ५ आहे, तर गुणोत्तर ४. जीवविज्ञानातल्या निबंधाला ६० आहेत आणि सरासरी ४०, तर गुणोत्तर १.५. तिप्पट सायटेशन असलेला निबंध इथे मागे पडला. गणितात संदर्भयाद्या आखूड असतात आणि निबंधाची दखल घ्यायला वर्षं लागतात, म्हणून मूळ आकडा लहान दिसत होता. स्कोपसमध्ये हे गुणोत्तर तयार मिळतं. तिथे १ म्हणजे जागतिक सरासरी. मात्र हाताशी चार-पाचच निबंध असतील तर एक गाजलेला निबंध सरासरी फुगवतो. अशा वेळी प्रत्येक निबंधाचं गुणोत्तर वेगळं लिहा.

लेखक मोजा. हिग्ज या मूलभूत कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका निबंधावर पाच हजारांहून अधिक लेखकांची नावं आहेत. त्यातल्या एकाचं श्रेय आणि एकट्याने निबंध लिहिणाऱ्याचं श्रेय सारखं कसं धरायचं? पहिला, शेवटचा की मधला लेखक, हे पाहा. पण गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, तिथे हा निकष लावू नका. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वजा करून दुसरा आकडाही काढा.

दरवर्षी आपल्या वर्तमानपत्रांत 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञ' अशी बातमी येते. स्टॅनफर्डचे जॉन आयोआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या आधारे ती यादी करतात. त्यात सहलेखकांचा आणि लेखकाच्या स्थानाचा विचार असतो, उपविषयातला क्रमांकही असतो. बातमी वाचताना पाहा, नाव संपूर्ण कारकिर्दीच्या यादीत आहे की एका वर्षाच्या. दोन्ही वेगळ्या आहेत.

एवढं झाल्यावर उमेदवाराचे सर्वोत्तम तीन निबंध त्या विषयातल्या जाणकाराला वाचायला द्या. हिग्ज कणाची कल्पना मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी १९६४ च्या त्या कामानंतर दहाही निबंध छापले नाहीत आणि २०१३ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. असा माणूस कुठल्याही तक्त्यात तळाशीच राहिला असता. अहवालात जाणकाराचं मत आधी घ्या, आकडे त्याखाली लिहा आणि प्रत्येक आकड्यापुढे स्रोत व तारीख टाका.