हर्निया: दुर्बिणीतून करू की चिरा देऊन?

जांघेत गाठ आली, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते, डॉक्टर म्हणाले हर्निया. आता ठरवायचं कसं?

पहिलं हे बघा की जाळी (कमकुवत जागेला आधार देणारी) दोन्ही पद्धतींत साधारण बसवतातच, फरक आत शिरायच्या वाटेचा. ओपनमध्ये जांघेत एक चिरा, कमरेत इंजेक्शन देऊन किंवा नुसती तेवढी जागा बधीर करूनही होतं, म्हणून हार्ट किंवा फुफ्फुसाचा त्रास असलेल्या आजोबांना हेच बरं पडतं, खर्चही साधारण कमी. दुर्बिणीतून केलं तर ३ छोटी भोकं, पण बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. दुखणं कमी, नंतर जांघ बधीर राहायची किंवा महिनोन्महिने ठणकायची शक्यताही कमी, कामावर लवकर जाता येतं (विरार फास्टला लटकणं म्हणजे काम नव्हे, ते जरा थांबवा!).

दोन्ही बाजूंना असेल तर दुर्बीणच, त्याच भोकांतून दोन्ही होतात. बायकांनाही बहुतेक तीच सुचवतात. आधी ओपन झालं असून परत आला तर दुर्बीण, आधी दुर्बीण झाली असेल तर ओपन. प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल तर आधीच सांगा, मग दुर्बीण अवघड जाते.

केईएम असो, सायन असो की गल्लीतलं नर्सिंग होम, सर्जनला सरळ विचारा, तुम्ही अशी किती केलीत? माझ्या मते हाच खरा प्रश्न, कारण दुर्बिणीचा हात बसायला वेळ लागतो.

आणि गाठ कडक होऊन आत जाईना, दुखतंय, उलट्या होतायत, तर तुलना सोडा, तडक कॅज्युअल्टी गाठा.